पडद्यावरचा समुद्र

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारकूचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण आईपेक्षा कमीच.

आता बातमी. आमच्या फोटो स्टुडिओतला डोंगराचा पडदा अखेर गेला. एक जाडजूड नवरदेव ऐटीत मागे टेकला आणि पडदा वरपासून खालपर्यंत चिरला. मालक नवा विकत आणायला निघाले, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं की मी रंगवतो. मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. इतकी वर्षं मी फिल्मच्या रिकाम्या खोक्यांवर चित्रं काढतो, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? मालकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, रंगव, पण आता डोंगर नको. लोकांना समुद्र हवा असतो.

घेतला ना धोंडा पायावर मारून! मी समुद्र कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. कॅलेंडरात बघून एक कच्चा नमुना काढला, तर मालक म्हणाले, हा समुद्र नव्हे, कुणीतरी निळ्या गाद्या उन्हात टाकल्यात. त्यांचंही बरोबरच. शिकवणारं कुणी नसलं की चूक झाली हे कळतं, कुठे झाली ते कळत नाही. तू तर समुद्राच्याच शेजारी राहतेस. मला एवढंच सांग, समुद्राचा रंग नक्की कोणता?

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.
तुझा,
बारकू

ता. १५ फेब्रुवारी

चि. बारकूस,
अ. उ. आ.

शेजारी राहते म्हणतोस, पण माझ्या खिडकीतून फक्त गोदामाची भिंत दिसते. समुद्र तिच्या पलीकडे. बरेच महिने मी तिकडे फिरकले नव्हते. काही ना काही निघायचंच. म्हणून तुझ्या भाऊजींना विचारलं. दिवसभर धक्क्यावर क्रेनच्या टोकाशी बसणारा माणूस, समुद्र अक्षरशः पायाखाली. म्हणाले, निळा. नीट आठवून सांगा म्हटलं, तर म्हणाले, निळाच की! मला असा काही राग आला म्हणून सांगू. चिरलेली भाजी तशीच ठेवली, चपला सरकवल्या आणि चालू लागले.

बारकू, तो निळा नाही रे. काठाशी तो दूध कमी पडलेल्या चहासारखा आहे. जरा पुढे जुन्या बाटलीच्या काचेसारखा. आणि पार टोकाला, जिथे तो आभाळाला लागतो, तिथे नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखा. ढग आला की सगळंच बदलतं, कुणी आतून दिवा मालवावा तसं. तुला एक रंग सांगायला गेले होते, पण तो एका जागी उभा राहीना.

आईला जप. लिहीत जा, मन इकडे असू दे.
तुझी,
ताई

ता. २ मार्च

चि. बारकूस आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही, तरी लिहितो आहे. हे ताईला कळू द्यायचं नाही.

गेल्या वर्षी सातव्या महिन्यात आमचं बाळ गेलं, ते तुला ठाऊक आहे. पण त्यानंतर ती घराबाहेर पडलीच नाही, हे आम्ही तुम्हाला कळवलं नव्हतं. मी सांगून पाहिलं, डॉक्टरांनी सांगितलं, शेजारणीने सांगितलं. सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसायची. तुझ्या एका प्रश्नाने ती उंबरा ओलांडून गेली. आता रोज सकाळी जाते. मला वरून दिसते, बोटाच्या पेराएवढी. परवा जेवताना म्हणाली की लाट पांढरी नसते, तिच्या पोटात सावली असते. किती दिवसांनी आपणहून काही बोलली! मी नुसती मान डोलावली.

तर विनंती अशी की पडदा लवकर पुरा करू नकोस. आणि झालाच तर झाला म्हणू नकोस. विचारत राहा.

मी निळा म्हणालो त्याची बोलणी अजून खातो आहे. खुशाल खातो.
तुझा,
भाऊजी

ता. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा चहा, बाटली आणि पाटी, तिन्ही पडद्यावर चढवले. पण गंमत ऐक. संध्याकाळी रंगवलेला समुद्र सकाळी येऊन बघावा तर दुसराच. रोज! मला वाटायचं, रात्री कुणी येऊन पुसून जातं की काय. मग कळलं, सरसात कालवलेला रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. आता आधी चिंधीवर डाग वाळवून बघतो. माझ्या खोलीत दोरीभर रंगीत चिंध्या लोंबतात. आई म्हणते, घरात भुतांचं बारसं आहे का?

दुसरी चूक मालकांना पडद्यापुढे उभं केल्यावर कळली. पाण्याची टोकाची रेघ नेमकी त्यांच्या मानेवरून जात होती. गळा कापल्यासारखे दिसत होते. रेघ खाली घेतली.

आता मला सांग, लाट आतून कसल्या रंगाची असते? वाळू ओली आणि कोरडी यात फरक काय? आणि धुकं असतं तेव्हा काय दिसतं? घाई नाही. सावकाश बघून कळव.

लोभाची सावली या धाकट्यावर असू दे.
बारकू

ता. १८ एप्रिल

चि. बारकूस,
अ. उ. आ.

तुझे प्रश्न म्हणजे मारुतीचं शेपूट, संपतच नाहीत. तरी क्रमाने सांगते.

लाटेच्या पोटातली सावली मनगटावरच्या शिरेसारखी असते, हिरवी म्हणावी तर निळी. कोरड्या वाळूला रंग आहे, ओल्या वाळूला नाही. लाट मागे सरली की वाळूवर क्षणभर आभाळ राहतं, मग वाळू ते पिऊन टाकते. आणि धुक्यात पाणी कुठे संपलं, आभाळ कुठे लागलं, ती शिवणच दिसत नाही. काल एक होडी अशी मधोमध टांगलेली होती. हात आधी हलला आणि वल्ह्याचा आवाज नंतर आला. मी जागी आहे की नाही, असंच वाटलं.

माझ्या बाकावर आता एक निवृत्त मास्तरीणबाई येऊन बसतात. त्या रोज पोहतात आणि मला भित्री म्हणतात. ओळख होऊन आठवडा नाही, आणि माझ्या डब्यातलं निम्मं खातात.

एक सांगू? काल त्या ओल्या वाळूकडे बघताना बाळाची आठवण आली, आणि मी उठून आले नाही. बसून राहिले. रडले. पाणी आपलं येत होतं, जात होतं. धीर धर वगैरे काही म्हणालं नाही. बरं वाटलं. हे आईला सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.

अशीच आठवण धरून राहा.
तुझी,
ताई

ता. ३० मे

चि. बारकूस,
आशीर्वाद द्यावेत की कान धरावा, ते ठरेना.

शेजारणीची भाची तुमच्या गावाहून आली आहे. तिने साखरपुड्याचा फोटो दाखवला. दोघं उभी, आणि मागे माझा समुद्र! चहा, बाटली, पाटी, सगळं. फोटोच्या पाठीवर तुमच्या स्टुडिओचा शिक्का, तारीख मार्चअखेरची. आणि एप्रिल गेला, मे संपत आला, तरी तू मला विचारतोच आहेस की सूर्य बुडाल्यावर फेस कसा दिसतो!

संध्याकाळी तुझ्या भाऊजींपुढे फोटो ठेवला. ते पाणी प्यायला उठले, ते आत जाऊन बसलेच. मग सगळं सांगितलं. दोघांनी मिळून मला चांगलंच फिरवलंत, खरोखरीचं फिरवलंत. मी तासभर रुसले, मग हसू आलं.

पण एक गोष्ट टोचते. मी पहाटे उठून, पाण्यात पाय बुडवून तुला लिहिलं. ते तुला हवं होतं, की नुसतं माझं मन रमवायचं होतं? खरं काय ते लिही. मी आता काचेची राहिलेली नाही.

उत्तराची वाट बघणारी,
ताई

ता. ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खरं सांगतो. मार्चमधले दोन-तीन प्रश्न भाऊजींसाठी विचारले. पुढचे सगळे माझे.

पडदा लागला, गिऱ्हाइकं खूश झाली, मालकांनी पाठ थोपटली. आणि मग तुझं ते पत्र आलं, वाळू आभाळ पिते ते. पत्र वाचून पडद्याकडे पाहिलं, तर तो मुका वाटला. चुकलेला नव्हता, मुकाच होता. म्हणून मागच्या खोलीत दुसरं कापड ताणलं. कुणी सांगितलं नव्हतं. तुझं पत्र आलं की त्यातला समुद्र पुसायचो आणि नवा काढायचो. कुंचल्याने जमेना तिथे चिंधी घेतली, चिंधीने जमेना तिथे तळहात. धुकं शेवटी तळहातानेच आलं.

स्टुडिओचा पडदा रंगवताना मध्यभागी काही काढायचं नसतं. तिथे माणसं उभी राहतात. या कापडावर मी बरोबर मध्यभागी तुला काढलं आहे. बाकावर, पाठमोरी, कारण तुझा चेहरा आता कसा दिसतो ते मला ठाऊक नाही. केसही अंदाजानेच काढले. अजून अंबाडाच घालतेस ना?

काल मालकांना दाखवलं. त्यांनी जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. मग म्हणाले, धंद्याच्या दृष्टीने हे कापड फुकट गेलं, यात गिऱ्हाईक उभं कुठे राहणार? मी म्हणालो, कुठेच नाही, तिथे ताई बसली आहे. बाहेर गिऱ्हाईक ताटकळत होतं, तरी त्यांनी खुर्ची ओढली आणि तुझ्या मागे, जरा अंतर ठेवून, समुद्र बघत बसले.

मायेत ठेव.
तुझा,
बारकू