चौथ्या पाठातलं बाळ

३ ऑक्टोबर

तक्रार आलीच! ‘अमेरिकेची अनेक घरं’ हा गोष्टींचा संग्रह मी दहावीच्या वर्गासाठी जुळवला — मेक्सिकन, सोमाली, ओजिब्वे, नॉर्वेजियन. खुपली ती नेमकी आमची, लाओसमधून जीव वाचवून आलेल्या ह्मोंगांची. चौथा पाठ. मी स्वतः लिहिलेला. मागे सैनिक, पुढे मेकाँग नदी. तान्हा मुलगा रडू नये म्हणून आई त्याला अफू चाटवते, आणि पलीकडच्या काठावर तो उठतच नाही.

मुख्याध्यापक लिंडक्विस्ट म्हणाले, एका कुटुंबाला फार लागलंय, नाव सांगता येणार नाही. सांगायला कशाला हवं? चर्चमधल्या पुढच्या बाकांवरची गोरी मंडळी, दुसरं कोण!

५ ऑक्टोबर

आज लिंडक्विस्ट अगदी मधाळ. “पा हुआ, एवढं दुःख कशाला? तुमच्या नववर्षावर लिही ना. ते एगरोल, ती नाणी लावलेली जाकिटं... मुलांना आवडतं.”

आवडतं! म्हणजे आम्ही खाऊ घालायचं, नाचून दाखवायचं. मरायचं ते गुपचूप. नॉर्वेजियन पाठात अख्खं कुटुंब बर्फात गारठून मरतं, ते मात्र साहित्य.

६ ऑक्टोबर

उद्या शाळा मंडळापुढे बोलायचंय. पाठ गेला तर नोकरी सोडणार. आईला काही सांगितलेलं नाही. ती चेंगकडे, माझ्या भावाकडे राहते. तिच्यापुढे त्या नदीचा विषय कुणी काढत नाही. तिचं एक बाळ तिथे गेलं, हेसुद्धा मला मावशीकडून कळलं, दोन वाक्यांत. बाकीचं मी रचलं.

७ ऑक्टोबर

बोलले. छान बोलले. आमचं मरण झाकणारे तुम्ही कोण, असं तोंडावर विचारलं. मंडळातल्या एक बाई डोळे टिपत होत्या.

मग तक्रार करणाऱ्यांना पुढे बोलावलं. चेंग उठला. आईचा हात धरून! त्याच्या मुलीने घरी पाठ मोठ्याने वाचला होता म्हणे, अर्थ सांगत सांगत. आई ह्मोंगमध्ये बोलली, चेंगने इंग्रजीत सांगितलं: “मेलं ते माझं बाळ. वर्गात वाचायला द्या, असं मी कुणाला म्हटलं होतं?”

माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पाठ काढला, एकमताने. इतका संताप मला लिंडक्विस्टचाही आला नव्हता. परक्यांशी भांडता येतं. आईने चारचौघांत नाक कापलं तर कुणाकडे जायचं?

९ ऑक्टोबर

चेंगकडे गेले, भांडायलाच. आई मोहरीचा पाला निवडत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “मुलगा नव्हता. मुलगी होती. बाओ.”

मावशीला मी एवढंही विचारलं नव्हतं.