नळाचा खेळ

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलेय, तेही चांगलं काही सांगायला नव्हे. टिळकवाडीतल्या एका इंग्रजी शाळेत मी लहान वर्गाला शिकवते.

वडगावातल्या तुमच्या बालवाडीतला एक दिवस मला अजून लख्ख दिसतो. आम्ही सगळी विणकरांची पोरं. कुणीतरी घरून तुटक्या सुताचा गुंता आणलेला, आणि बघता बघता आम्ही खिडकीच्या गजांपासून दारापर्यंत धागे ताणून वर्गाचा माग करून टाकला. तुम्ही दारात आलात. आता धपाटा बसणार म्हणून मी डोळे मिटून घेते. तुम्ही पदर खोचून, वाकून, सुताखालनं आत येता आणि विचारता, "लुगडं किती हात करायचं गं?" त्या दिवशी आम्ही हातानं अख्खा वर्ग मोजला, काठाच्या रंगावरनं भांडलो. फळ्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाही. एकीचे धागे वाकडे जात होते म्हणून मी शहाणपणानं सोडले, तेव्हा मात्र कडाडलात, "मोडायला कुणी सांगितलं तुला? तिला काय करायचंय ते इचारलंस व्हय?" मला तुमचा फार राग आला होता.

माझ्या वर्गात सदलग्याहून आलेली एक मुलगी आहे. जूनपासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. मागच्या महिन्यात पोरांनी वर्गात नळाचा खेळ मांडला. आमच्याकडे पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळं हा खेळ कुणाला शिकवावा लागत नाही. बाटल्यांची रांग लागली, ओतणं-सांडणं, कुणाच्यात किती मावतं यावर वाद. एक पोरगा मध्ये घुसला तशी ती मुलगी त्याचा शर्ट धरून ओरडली, "ए, मागं हो! माझी पाळी हाय!" तो पोरगा खरंच मागं सरकला.

काय करायचं ते मला माहीत होतं, बाई. तिलाच विचारायचं होतं, आता पुढं काय. पण शनिवारी पालकसभा, प्रत्येकाच्या फाईलमध्ये गिरवलेली पानं लागणार होती, आणि प्रिन्सिपल मॅडम बाहेर व्हरांड्यात उभ्या. मी म्हणाले, "सिट डाऊन. नो मराठी." ती बाटली पोटाशी धरून बसली.

तेव्हापासून ती बोललेली नाही. नंतर मी स्वतः बाटल्या मांडल्या, "चला, पाणी आलं" म्हणून हाकाही मारल्या. ती हाताची घडी घालून बसून राहिली. बाकीची पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती, आता काय म्हणायचं असतं ते मीच सांगीन म्हणून. माझ्या हातून आता काही होईल असं वाटत नाही.

हे पत्र तुम्ही असतात तरी मी टाकलं नसतं. पालकसभेत तिच्या आईनं हळूच विचारलं होतं, "मिस, वर्गात एक शब्द तरी बोलली काय वो ती?"

मी 'नाही' म्हणाले.