मेंदू समृद्धी कार्यक्रम

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी.
‘जालना जिल्ह्यातल्या माता-भगिनींनो, तुमच्या हातांचं कौतुक सगळ्यांनी केलं. तुमच्या मेंदूची चौकशी मात्र कुणी केली नाही. लहानपणी केली नाही, बाळंतपणात केली नाही, म्हातारपणी तर नाहीच नाही.’
सुरुवात जमली. उभं राहून, मोठ्याने वाचून पाहिली. समोरच्या बिल्डिंगमधलं कुत्रं भुंकायचं थांबलं. ८ मार्चला अंकुशनगरला महिला मेळावा आहे, प्रमुख वक्ता मी. संयोजकांना हलकंफुलकं काहीतरी हवं होतं. मी ‘परिस्थिती, अनुभव आणि स्त्रीचा मेंदू’ हा विषय दिला. हलकंफुलकं बोलायला दुसरे लोक आहेत.
बायकोला, तुळजालाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, अर्पिताला नववा लागलाय, मला आष्टीला कधी सोडता?
नातीचं पहिलं बाळंतपण म्हणून ते आमच्या लेकीकडे, मीनाकडे आष्टीला होणार. तुळजाने आमच्या गावी, तीर्थपुरीत निम्म्या गल्लीची लेकरं न्हाऊ घातली, त्यामुळे तीच हवी असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. पाहू. व्याख्यानाबद्दल मात्र तिने एक शब्द काढला नाही. लक्षच नसतं.

५ फेब्रुवारी, बुधवार.
वाचन जोरात चालू. उंदरांवरचे प्रयोग फार बोलके. रिकाम्या पिंजऱ्यातल्या उंदराचा मेंदू मागे पडतो. शिड्या, खेळणी आणि सोबती दिले की वाढतो. ‘सोबती’खाली लाल रेघ मारली.
दूध उतू गेलं. तुळजा खिडकीत उभी होती. एवढं काय दिसतं म्हणून मीही डोकावलो. पार्किंग दिसतं. तिथे खालच्या मजल्यावरच्या लोखंडवाल्या बालकिशनजींची आई, भगवतीदेवी, खाटेवर मंगोड्या, म्हणजे मुगाचे सांडगे, घालत बसली होती.
तुळजा हल्ली विसरते. तीर्थपुरीत कुणाचं लेकरू कोणत्या सणाच्या आगेमागे जन्मलं, हे तिला तोंडपाठ असायचं. इथे जालन्याला येऊन तीन वर्षं झाली, वरच्या मजल्यावर कोण राहतं ते सांगता येत नाही. हा फ्लॅट मी मुद्दाम शांत बघून घेतला. दार लावलं की कसलाही आवाज नाही. तिने त्याचा काही उपयोग करून घेतला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार.
खरा वक्ता आधी घरात सुधारणा करतो. आजपासून ‘मेंदू समृद्धी कार्यक्रम’ सुरू. सकाळी मोबाईलवर मेंदूच्या कसरतीचं ॲप. मग स्पीकरवर माझी निवडक व्याख्यानं. दुपारी इंग्रजी शब्द.
काही अडथळे बंद करावे लागले. भगवतीदेवीकडची बैठक बंद. दोघी एकाच वेळी बोलतात, एक मारवाडीत, एक मराठीत, आणि दोघीही हसतात. ज्ञानाची देवाणघेवाण शून्य. भाजीला जाणंही बंद, आता ऑनलाइन येईल. तुळजा म्हणाली, भाजीसाठी कोण जातंय, मी तर त्या भाजीवालीशी बोलायला जात असते.
विचारांत सुसंगती राहिलेली नाही. कार्यक्रम अगदी वेळेवर सुरू झाला.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
प्रगती चांगली. व्याख्यान लावलं की तिचे डोळे मिटतात. खोल एकाग्रता. ॲपमध्ये रंगीत फुगे फोडायचे असतात. तिने विचारलं, हे फोडून कोणाला काय भेटतं? तत्त्वचिंतनाची सुरुवात म्हणायची.
मीनाचा फोन आला. आमचे जावई भारतराव जीप घेऊन येतो म्हणाले, मायला घेऊन जातो. मी म्हणालो, कार्यक्रम अर्ध्यात तोडला तर झालेलं सगळं वाया जाईल. ती म्हणाली, ‘नाना, माय तिथं करून तरी काय राह्यली?’ मी म्हणालो, विकसित होत आहे. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. नेटवर्क.
माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. तुळजानेच ठेवला असणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
स्मरणशक्ती तपासणीच्या शिबिराला नेलं. डॉक्टर तरुण, पुण्याचे, हुशार. व्याख्यानासाठी जिवंत उदाहरण मिळेल असं वाटलं होतं. मिळालं, पण फार वाईट मिळालं.
आज तारीख काय? म्हणाली, येत्या बुधवारी शिवरात्र हाय. चूक. देशाचे राष्ट्रपती कोण? म्हणाली, ते यांना इचारा. घड्याळ काढायला सांगितलं. तिने भाकरीसारखं सुरेख गोल काढलं आणि पेन्सिल ठेवून दिली. आकडे नाहीत, काटे नाहीत.
मग डॉक्टरांनी विचारलं, आजी, नवऱ्याचं नाव सांगा. ती गप्प. पुन्हा विचारलं. पदर सारखा केला आणि भिंतीकडे पाहत राहिली. तिसऱ्यांदा विचारल्यावर हनुवटीने माझ्याकडे दाखवून म्हणाली, हे काय बसले. डॉक्टरांनी लिहून घेतलं.
इतका संसार झाला आणि नवऱ्याचं नाव आठवत नाही. मी रुमाल काढला.
डॉक्टर म्हणाले, सुरुवात असू शकते, पुन्हा नीट तपासू, कानही बघून घ्या. ‘सुरुवात’ हा शब्द पुरेसा होता. मला म्हणाले, सर, तुमचीही करू का? मी नको म्हणालो. तारखेत मी एक दिवस मागे होतो, पण निवृत्त माणसाला तारखेचं काय.
घरी येऊन तिला स्पष्ट सांगितलं. अंधारात ठेवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. तुला विसरण्याचा आजार आहे. ती म्हणाली, मंग लेकराला न्हाऊ घालता येईल का न्हाई? मी म्हणालो, ओल्या अंगाचं तान्हं मूल आणि असा मेंदू, विज्ञानाच्या दृष्टीने धोका आहे. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बघत बसली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.
मीना फोनवर भांडली. ‘नाना, मायनं जन्मात कधी तुमचं नाव घेतलंय का? लग्नात उखाणा घेतला, तेवढाच. डॉक्टरला म्हायती न्हाई, तुम्हाला तर म्हायती व्हतं ना? शाळेत दुसरी झालेल्या बाईकून घड्याळ काढून घेता?’
भावनेच्या भरात माणूस पुरावा नाकारतो, यावर माझं एक व्याख्यान आहेच. तिला लिंक पाठवली.
गॅस बंद केला. डबा लावला. तुळजाने विचारलं, मंग मी काय करू? मी म्हणालो, आराम.

२ मार्च, रविवार.
तुळजा फार बोलत नाही. आधी खिडकीत उभी राहायची, आता खुर्चीवर बसते, तीही भिंतीकडे तोंड करून. डब्यातली भाजी कोणती ते विचारलं, तर सांगितलं नाही. आजार झपाट्याने पुढे चाललाय. बरं झालं, वेळेत ओळखला.
भगवतीदेवी वर आली होती. म्हणाली, ‘मास्टरजी, तुळजाबाई को थोडा नीचे भेजो ना. मंगोड्या करायच्या, हाथ कम पडते.’ मी मेंदू, विश्रांती आणि उत्तेजन यांतला संबंध समजावून सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आप बैठो, मैं बाई से बात करके आई.’ मी दारातच उभा राहिलो. परत गेली.
व्याख्यानाचा वार्धक्याचा भाग लिहून झाला. एकटेपणाने बाईचा मेंदू कसा विझत जातो, हे लिहिताना माझेच डोळे भरून आले.

७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी.
अर्पिताच्या पोटात दुखायला लागलं. मीना म्हणाली, भारतराव उद्या सकाळी जीप घेऊन निघतात, मायला तयार ठेवा. मी म्हणालो, उद्या व्याख्यान आहे, सोमवारी मीच आणतो. मीना म्हणाली, ‘तुम्ही तुमचं भाषण करा की. मायला कशाला थांबवता?’
थांबवत नाही. सोबतीशिवाय पाठवणं बरोबर नाही. भारतराव जीप चालवणार, मग तिच्याकडे कोण बघणार?
तुळजाने पिशवी भरली. आत मऊ जुनं धोतर, तेलाची बाटली, डिंक. मी पिशवी कपाटात ठेवली. 

८ मार्च, शनिवार. सकाळी.
निघतोय. असे रुग्ण घराबाहेर भटकतात, हे वाचलेलं आहे. म्हणून बाहेरून कुलूप लावलं. पाणी, डबा, बिस्किटं, सगळं ठेवलं. स्पीकरवर व्याख्यान लावलं, म्हणजे एकटं वाटणार नाही.

८ मार्च. संध्याकाळी.
माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम व्याख्यान. सभागृह भरलेलं. ऊसतोडीच्या बाया, अंगणवाडीच्या सेविका, शाळेतल्या मुली. अनुभवाने मेंदूच्या वाटा कशा तयार होतात, बंद खोलीत त्या कशा बुजतात, सगळं सांगितलं. ‘उंबरा ओलांडा’ म्हणालो तेव्हा टाळ्या थांबेनात. खिशातली किल्ली मांडीला टोचत होती, म्हणून काढून टेबलावर ठेवली आणि दुप्पट जोराने बोललो. फोन बंद ठेवला होता.
शेवटी एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, ‘लई चांगलं बोलले बाप्पा. तुमची मालकीण लई नशिबाची.’ संयोजकांनी नारळ आणि शाल दिली.
घरी आलो तर जिन्यात भगवतीदेवी. आमच्या बंद दाराला खुर्ची लावून बसलेली. दाराकडे तोंड करून बोलत होती. सुनांच्या तक्रारी, पापडाच्या गोष्टी, काहीही. आतून अधूनमधून तुळजाचा हुंकार. सकाळपासून हेच चाललं होतं म्हणे. भारतराव जीप घेऊन येऊन, कुलूप पाहून, मला फोन लावून लावून परत गेले होते. भगवतीदेवी माझ्याशी बोलली नाही. खुर्ची उचलून खाली निघून गेली. कारण लक्षात आलं नाही.
दार उघडलं. तुळजा दाराला टेकून जमिनीवर बसलेली. नवं लुगडं नेसलेली. पिशवी कपाटातून काढून मांडीवर. स्पीकर कधीच बंद पडला होता.
फोन चालू केला, मीनाचा निरोप होता: मुलगी झाली. बाळ, बाळंतीण सुखरूप. मी तुळजाला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. आणि पिशवी माझ्या हातात दिली.

१० मार्च, सोमवार.
आष्टीला न्यायला तयार झालो. शब्द दिला होता. तुळजा म्हणाली, नगं. मी म्हणालो, अगं चल, अर्पिता वाट पाहतेय. म्हणाली, मी काय करू तिथं?
आजारात इच्छाशक्तीवर परिणाम होतो. वर्तमानपत्रात मेळाव्याची बातमी आली, पण फोटोत माझी फक्त बाही आली आहे.

२० मार्च, गुरुवार. आष्टी.
आज बारसं. मीना स्वतः येऊन मायला घेऊन आली. मीही आलो, चार शब्द बोलावे लागतील म्हणून. कुणी बोलायला सांगितलं नाही.
पाळणा सजवलेला. बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात, त्यासाठी एका बाजूला अर्पिताची सासू उभी राहिली. दुसऱ्या बाजूला पणजी. सगळ्या बाया म्हणाल्या, तुळजाबाई, व्हा पुढं, तुमच्याशिवाय पाळणा हालायचा न्हाई. तीर्थपुरीहून आलेली एक जण म्हणाली, माझे चारी लेकरं यांच्याच पायावर न्हाले. हशा झाला.
तुळजा उठली नाही. मीनाने हात धरून उठवलं. बाळ पुढे केलं, तर ती दोन पावलं मागे सरकली. हात पदराखाली घेतले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘मला इसरायचा आजार हाय. लेकरू पाडीन मी.’
 मीनाने माझ्याकडे पाहिलं.
मग मीच उभा राहिलो. प्रसंग सावरणं हे वक्त्याचं काम. वृद्ध स्त्रीच्या मेंदूतही नव्या वाटा तयार होऊ शकतात, अनुभव आणि आधार मिळाला तर, असं समजावून सांगितलं. विवेचन नेमकं झालं. बाया जमिनीकडे पाहत होत्या. पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला शेवटी मीना उभी राहिली.
तुळजा इथेच राहणार, असं मीनाने ठरवलं. मला विचारलं नाही.

२४ मार्च, सोमवार. जालना.
फ्लॅट शांत आहे. लेखनाला उत्तम. लेखन झालं नाही. डबेवाला दोन डबे देऊन गेला. एक सकाळी खाल्ला, दुसरा खराब झाला.
स्पीकरवर माझं व्याख्यान लावलं. दुसऱ्या वाक्यालाच बंद केलं. आवाज फाटतो.
जिन्यात भगवतीदेवी भेटली. मी नमस्कार केला. ती म्हणाली, ‘बाई कैसी है?’ मी म्हणालो, सुधारत आहे. ती म्हणाली, ‘मैंने आपको नहीं पूछा, मीना को पूछ लूँगी.’

३० मार्च, रविवार. पाडवा.
गुढी उभारायला काठी सापडली नाही. कुठे ठेवलेली असते ते मला ठाऊक नाही.
मीनाला फोन केला. परतूरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं म्हणाली. त्यांनी तुळजाला शेजारी बसवून तिच्या बोलीत विचारपूस केली. ऐकायला कमी येतं म्हणाल्या, मन खचलंय म्हणाल्या, विसरण्याचं म्हणाल तर आज काही ठरवणार नाही, आधी माणसांत राहू द्या. मी म्हणालो, म्हणजे निदान अजून खुलं आहे. मीना म्हणाली, ‘नाना, गप ऐका जरा.’
मग तिने सांगितलं. माय पाळण्याजवळ बसते, पण दोरीला हात लावत नाही. अर्पिता लेकरू पुढे करते, ती हात आखडून घेते. आंघोळीच्या वेळी उठून अंगणात जाते. लेकरू रडलं की उभी राहते आणि परत बसते. डॉक्टरीणबाईंनी सांगून झालं, सगळ्यांनी सांगून झालं. ‘कोणाचं ऐकत न्हाई, नाना. तुम्ही सांगितलेलं धरून बसलीय. आता तुम्हीच सांगा. भाषण करू नका.’
मी म्हणालो, दोन मिनिटं दे. मुद्दे काढले. प्रस्तावना, स्त्रीच्या आयुष्यातले टप्पे, मेंदूचा लवचीकपणा, समारोप. फोन तुळजाच्या कानाला लावल्याचं मीनाने सांगितलं. पलीकडे लेकरू रडत होतं. तुळजाचा श्वास ऐकू येत होता. प्रस्तावना सुरू करायला तोंड उघडलं, तर त्यातलं एकही वाक्य तिच्यासाठी लिहिलेलं नव्हतं. हजार बायांसाठी होतं.
तिला ऐकू येत नसेल म्हणून मोठ्याने म्हणालो. मग पुन्हा, हळू म्हणालो.
तुळजा, लेकराला घे.