आटवते की आठवते

शेलूबाजार
कोजागिरीच्या आठ दिवस आधी

प्रिय लतीफा,

पत्रासोबतचा डबा आधी उघडू नकोस. कानाशी धरून वाजव. भुलाबाईच्या खाऊचा डबा आपण वाजवायचो तसा. फुटाणे की खारका, गोड की तिखट, आणि तू दरवेळी मुद्दाम चुकीचं सांगायचीस, म्हणजे खेळ लांबेल. हा डबा वाजव आणि पत्र वाचून होईपर्यंत ओळखत राहा. तुझा पत्ता अशफाककडून घेतला. तो म्हणाला, "दीदीचा फोन नंबर देतो ना, पत्र कोन लिवते आता?" मी नंबर घेतला, पण फोन करणार नाही. का, ते शेवटी सांगते.

आधी माझी बातमी. गणेशचं आणि माझं बसस्टॉपजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. लोकांचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका, दुःखद निधनाच्या चिठ्ठ्या मी टाइप करते, आणि न सांगता शुद्धलेखन सुधारते. 'आशिर्वाद' आला की माझं बोट आपोआप दीर्घ वेलांटीकडे जातं. तुला हसू येत असेल. तू म्हणायचीस, "तू शुद्द लिव, मी अशुद्द गातो." आपली वाटणी तेव्हाच झाली होती. रोजची डायरीही लिहिते, पंचवीस वर्षं झाली. त्यात पाऊस किती पडला, भाजी कोणती केली, कोण आलं, कोण गेलं. जे घडलं तेच. आमची वैष्णवी अकोल्याला शिकते. ती एकदा पानं चाळून म्हणाली, "आई, ही डायरी आहे का हवामान खातं?" मला राग आला, कारण खरं होतं. मनातलं एक वाक्य मी त्या वह्यांत कधी लिहिलं नाही. मी त्याला प्रामाणिकपणा म्हणत आले. आता वाटतं, ती भीती होती. कशाची, ते तुला माहीत आहे. कदाचित तुझ्याएवढं कोणालाच माहीत नाही.

यंदा आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्यांची राखी, सहावीतली, गल्लीतल्या पाच मुली घेऊन आली. म्हणाली, काकू, तुमचं अंगण मोठं आहे, भुलाबाई इथं बसवू. बसवली. पहिल्या संध्याकाळी टिपऱ्या वाजल्या, चार गाणी झाली आणि संपली. मुलींना तेवढीच येत होती. राखी म्हणाली, "काकू, नवीन सांगा ना एखादं." मला येतं कुठे? मला तर दुसऱ्याने केलेली गाणी स्वच्छ अक्षरात उतरवता येतात. पण सहा तोंडं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, उद्या सांगते.

त्या संध्याकाळी मला तुझी रीत आठवली. तू गाणं शोधायला कुठे जायची नाहीस. शफीकचाचांच्या दुकानात बांगड्यांचे डझन बांधता बांधता समोर जे दिसेल त्याला प्रश्न विचारायचीस. दोरीला, गिऱ्हाइकाच्या मनगटाला, दारातल्या बकरीला. मी ठरवलं, डायरीत रोज एक ओळ अशी लिहायची जी घडलेली नाही. लाल शाईने, म्हणजे खऱ्यात मिसळायला नको. पहिल्या दिवशी लिहिलं, 'आज कुकरने चार शिट्ट्या दिल्या आणि पाचवी गिळली.' लिहून वही झटकन मिटली, कोणी पाहिलं का म्हणून. स्वयंपाकघरात एकटी होते मी. दुसऱ्या दिवशी काहीच सुचलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुलींना उद्या, उद्या करत राहिले. मग दुकानात बसल्या बसल्या स्टॉपवरच्या जीपवाल्याचं 'मंगरूळ, मंगरूळ' कानावर आलं. पंचवीस वर्षं रोज येतंय. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. लाल शाईत उतरलं, 'जीपवाला रोज मंगरूळला हाक मारतो, पण मंगरूळ काही येत नाही.'

शेजारच्या रुखमाबाईला वाचून दाखवलं आणि लगेच सांगितलं, की खोटं आहे हो, उगाच लिहिलंय. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खोटं कायचं वं त्यात? थो बोलावून राह्यला, अन् मंगरूळ येऊन नाही राह्यलं. खरंच तं हाय." आणि मग सुपातला एक खडा बाहेर फेकत, "तू इतली कायले घाबरतं? गानं हाय का परीक्षा हाय?" संध्याकाळी मुलींना ती ओळ दिली. राखीने तिथल्या तिथे चाल लावली. मुली हसल्या, टिपऱ्या चुकल्या, पुन्हा धरल्या. मला वाटलं, ही मी केली. चांगली असो की वाईट, कोणाची नाही, माझी. सेहेचाळिसाव्या वर्षी असं वाटणं बरं दिसत नाही, पण वाटलं. त्यानंतर लाल ओळ एकही दिवस चुकली नाही. बहुतेक टाकाऊ आहेत. तरी भाजी चिरताना, कागद मशीनमध्ये सारताना मी आता बघते, ऐकते. दिवस तेच आहेत, पण त्यांत जागा झाल्यासारखी वाटते.

आणि मग परवा राखी म्हणाली, "काकू, आज माझ्या आजीचं गाणं म्हणते. किन्हीराजाचं." ती गायला लागली,

सोप्यात आली भुलाबाई, पाटावर बसवते,
कढईतल्या चांदण्याले माय आटवते.

माझ्या हातातली टिपरी तशीच राहिली. तुझं गाणं किन्हीराजा गावाला गेलं, कोणाची तरी लेक, मग कोणाची तरी आजी होऊन माझ्याच अंगणात परत आलं. कोणी केलं, ते कोणालाच माहीत नाही. आणि खरं सांगते, इतकं होऊनही माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? 'राखी, आटवते नाही, आठवते म्हण.'

आपण नववीत होतो. आखाडात तुझी अम्मी गेली, आणि कोजागिरीला माझ्या आईने तुला आमच्याकडे बोलावून घेतलं. आई चुलीवर दूध आटवत होती, तू शेजारी बसून ढवळत होतीस. कढईत चांदणं पडलं होतं. तू ढवळता ढवळता गाणं केलंस, मी माझ्या चांगल्या अक्षरात उतरवलं. शाळेच्या अंकासाठी बाईंनी गाणी मागवली तेव्हा मी ते दिलं. खाली नाव लिहिलं नव्हतं, हे मी स्वतःला तीस वर्षं सांगत आले. पण अक्षर माझं होतं, बाईंनी माझं नाव छापलं, आणि भर वर्गात शेवटची ओळ वाचून त्यांचा आवाज भरून आला. 'कढईतल्या चांदण्याला माय आठवते.' चांदण्याला आईची आठवण येते, केवढी कल्पना आहे मुली, म्हणाल्या. मी उभी राहिले. तेव्हाच सांगायचं होतं. पण मला वाटलं, बाई ज्यावर रडल्या तो ठ तर माझाच आहे. तू म्हटलं होतंस 'आटवते'. ठ मी घातला, शुद्ध करायला. एका ठच्या जोरावर मी तुझं अख्खं गाणं खाल्लं.

मधल्या सुट्टीत तू अंक उघडलास. तुझं बोट त्या ओळीवर थांबलं. मग अंक परत देत म्हणालीस, "ठ लय चांगला काढला वं तुनं, शीले." एवढंच. भांडली असतीस तर बरं झालं असतं. पुढच्या साली तू भुलाबाईला आली नाहीस. त्यानंतर आपण भेटलो ती एकदाच, अशफाकच्या लग्नात, आणि दोघी मुलांच्या शाळांबद्दल बोललो. तू अजून गाणी करतेस का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. नाही म्हणाली असतीस तर त्याचं कारण मला माहीत होतं.

आता राखीच्या शाळेतले धम्मरत्न सर मुलींकडून भुलाबाईची गाणी गोळा करून हस्तलिखित अंक काढत आहेत. शाळेच्या कपाटात आपल्या वेळचा तो जुना अंक त्यांना सापडला. काल दुकानात आले. "मॅडम, हे तुमचंच ना?" मी म्हटलं, "नाही सर. हे लतीफाचं. शफीकभाई बांगडीवाल्यांच्या मुलीचं." तीस वर्षांत जे जमलं नाही ते बोलायला एक श्वास पुरला. गणेश मशीनवरून माझ्याकडे बघत राहिला. सरांनी नाव खोडून तुझं लिहिलं. मग पेन तसंच धरून विचारलं, "पण छापील अंकात 'आठवते' आहे आणि राखी 'आटवते' म्हणते. बरोबर काय?"

मला ते माहीत नाही, लतीफा. आयुष्यभर लोकांचं शुद्धलेखन सुधारणाऱ्या मला माहीत नाही. इतकी वर्षं मी धरून चालले, की तू दुधाचं म्हणाली होतीस आणि आईचं मी केलं. माझ्या आईला तू माय म्हणायचीस, स्वतःच्या आईला अम्मी, म्हणजे आटवणारी माय माझीच. पण काल रात्रभर वाटत राहिलं, त्या दिवशी ती ओळ म्हणून झाल्यावर तू कढईत बघत गप्प झाली होतीस. तुला आठवायचंच असेल तर? मग तो ठसुद्धा तुझाच, आणि माझं त्यात फक्त अक्षर. तसं असेल तर मला वाईट वाटणार नाही. माझ्याकडे आता जीपवाला आहे. फोनवर विचारलं असतं, पण तुझ्यामाझ्या तोंडातून दोन्ही शब्द एकसारखेच निघतात. म्हणून पत्र. ट की ठ, तुझ्या हाताने लिहून कळव. तू लिहिशील तेच छापलं जाईल, तुझ्या नावाखाली. आणि आता डबा उघड. वाजत होती ती शिसपेन्सिल आहे, आणि घडी केलेल्या कागदावर एकच ओळ आहे, 'जीपवाला हाका मारते, मंगरूळ येत नाही.' खालची जागा मोकळी ठेवली आहे. मुली वाट बघताहेत. जशी सुचेल तशी लिही. मी सुधारणार नाही.

तुझ्या गाण्याची लेखनिक, आणि तुझीच,
शीला