नारळ फोडलेलं यंत्र

परभणी, ८ नोव्हेंबर १९७७
आग विझवायचं यंत्र आलं. लाल, शंकूच्या आकाराचं, वर पितळी गुंडी. स्टेशनावरून हमालाच्या डोक्यावर आलं. वसतिगृहाच्या सगळ्या मुली व्हरांड्यात गोळा. गयाबाई स्वयंपाक सोडून बाहेर आल्या, हाताला कणीक तशीच.
"बाई, हे काय वो? घागर म्हणावं तर तोंड न्हाई."
म्हटलं, आग लागली तर विझवायचं.
"मंग आडाला पाणी न्हाई का आपल्या?"
सगळ्या वसतिगृहांत हे पाहिजे असं वरून आलंय. संस्थेचे अध्यक्षसाहेब (अ.सा.) म्हणाले, माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ मी देतो. म्हणजे आता समारंभ आला. आमच्याकडं समारंभाशिवाय केरसुणीसुद्धा येत नाही.

११ नोव्हें.
पेंटर येऊन गेला. मी शाळेत शिकवून परत येईपर्यंत स्वयंपाकघराची भिंत रंगवून मोकळा. यंत्राचा खिळा बरोबर स्टोच्या डोक्यावर. का, तर व्हरांड्यातून येणाऱ्या पाहुण्याला खिडकीतून समोर दिसावं. खाली अ.सां.च्या वडिलांचं नाव, निळ्या अक्षरांत, वळणदार.
म्हटलं, अरे बाबा, आग स्टोला लागणार. मग जाळावरून हात घालून यंत्र काढायचं का? दाराजवळ लाव.
"बाई, सायबानं सांगितलं ते मी करायलाय. माझ्यावर कशाला?"
अ.सां.ना निरोप पाठवला. उत्तर आलं, गेलेल्या माणसाचं नाव पुसणं बरं दिसत नाही.
बरं दिसत नाही. आणि जळालेली बाई बरी दिसते?

१३ नोव्हें.
आजचं कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.
कंपनीचा माणूस औरंगाबादहून आला होता. बिचारा जीव तोडून सांगत होता. गुंडीवरचं टोपण काढायचं, हाताच्या तळव्यानं गुंडी आपटायची, आतली बाटली फुटते, मग फवारा थांबत नाही, सगळं संपल्यावरच थांबतो. एकदा मारलं की रिकामं. पुन्हा भरून घ्यायचं. लाकूड, कापड, कागद यांना चालतं. तेलाच्या आगीवर अजिबात मारायचं नाही, पाणी पडलं की तेल उसळतं, भडका उडतो. तेलाला वरून झाकण.
ऐकत होते मी आणि पुढं बसलेल्या दोन मुली. बाकी सगळ्यांचं लक्ष पेढ्यांकडं.
टोपण त्यानं दाखवायला काढून ठेवलं होतं. तेवढ्यात अ.सा. आले. हार झाला, हळदकुंकू झालं. नारळ पुढं आला. संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, दगड कुठाय? दगड नव्हता. अ.सां.नी इकडं तिकडं पाहिलं आणि नारळ गुंडीवर उगारला.
मी म्हटलं, "साहेब, त्याच्यावर नका—"
अ.सा. हसले. "तुमच्यात चालत न्हाई, माहीत हाय आमाला. तुमी नुसतं उभं ऱ्हावा. आमी फोडतो."
छप्पन साली धम्म घेतल्यापासून आमच्या बोरी गावच्या घरात नारळ वाढवला नाही, हे खरं. पण मी त्यासाठी बोलत होते का! माझं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही. मी काही बोलले की ते माझ्या जातीतून येतं, डोक्यातून येत नाही, असं यांचं ठरलेलं.
आपटला. फस्स करून फवारा थेट अ.सां.च्या धोतरावर, मग सेक्रेटरींच्या तोंडावर, मग पेढ्यांच्या परातीत. मुली किंचाळल्या आणि मग जे हसायला लागल्या! मी डोळे वटारले, पण माझंही पोट आतून हलत होतं. कंपनीचा माणूस कपाळाला हात लावून बसला. नारळ मात्र शेवटपर्यंत फुटला नाही.
जाताना तो माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, आता हे डबडं आहे. भरून घेईपर्यंत याच्या भरवशावर राहू नका."

१५ नोव्हें.
यंत्र पुसून, हार घालून खिळ्यावर चढलं. अ.सां.ना म्हटलं, रिकामं झालंय.
"थोडं पाणी गेलं, त्याला काय होतंय? आतमदी हाय की. उचलून बघा, कसं जड हाय."
लोखंड आहे. जड असणारच.

२ डिसेंबर
भरून घेण्याचं पत्र संस्थेकडून जायला पाहिजे. सेक्रेटरींकडं तिसऱ्यांदा गेले. आज खरं कारण कळलं. "रिकामं आहे असं लिहिलं तर अध्यक्षांनी रिकामं दिलं असा अर्थ निघेल. आणि नारळाचं लिहायचं का? हसू करायचंय का संस्थेचं?"
मग मीच कंपनीला लिहिलं. बघू.

११ डिसें.
गयाबाई रोज सकाळी अंघोळ करून यंत्राला कुंकू लावतात. जास्वंदीचं फूल ठेवतात. म्हटलं, अहो, त्यात काही नाही. रिकामं आहे.
"रिकामं असतं तर एवढ्या मोठ्या मानसानं बापाचं नाव लिवून टांगलं असतं का?"
मी वसतिगृहाची नुसती गृहपाल. ते मोठं माणूस.
मग म्हटलं, बरं, एवढं तरी लक्षात ठेवा. तेल पेटलं तर याला हात लावायचा नाही. वरून परात उपडी घालायची, स्टो बंद करायचा.
"मंग यंत्र कशाला?"


२० डिसें.
कंपनीचं उत्तर. संस्थेच्या शिक्क्याशिवाय काही करता येत नाही. शिक्का सेक्रेटरींच्या कपाटात. कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. संपलं.

४ जानेवारी १९७८
फोडणी टाकताना जाळ वर आला. मी तिथंच होते. ग.बाईंनी ताटली झाकली, विझला. बरं वाटलं. म्हटलं, अगदी अस्संच!
तर म्हणतात कशा, "पयली मी लय भ्यायचे. आता भ्याव न्हाई. वर यंत्र हाय ना."
त्या भीतीनंच आजवर हात चालत होता, आता तीच गेली. रात्र झाली तरी हेच डोक्यात.

१२ जाने.
तपासणीला सरकारी साहेब आले होते. यंत्र बघून खूश. मी म्हटलं, साहेब, ते रिकामं— सेक्रेटरी मधेच, "चहा घ्या साहेब, चहा." साहेबांनी चहा घेतला.
आज स्वतः खुर्ची लावून यंत्र खाली काढलं, म्हटलं निदान नजरेआड करावं. शाळेतून आले तर परत खिळ्यावर. ग.बाईंनीच चढवलं होतं. रागावले त्यांच्यावर. रडल्या. मग मला वाईट वाटलं. त्यांचं वसतिगृहाशिवाय कुणी नाही. देवगाव फाट्याला दीर आहे, नवरा गेल्यावर त्यानं उंबऱ्याबाहेर काढलं. स्वयंपाकघरामागची खोली हेच त्यांचं घर.

२६ जाने.
लिहवत नाही. तरी लिहिते.
झेंडावंदन झालं, मुली अंगणात. पुऱ्यांचा बेत. करडीचं तेल तापत होतं. ग.बाईंची हाक आली, "बाई, पेटलं!"
मी धावले. कढईवर पुरुषभर जाळ. परात शेजारीच, कणकेची, हाताला लागेल अशी. पण ग.बाईंचे दोन्ही हात वर. जाळावरून यंत्र काढत होत्या. पदर पेटलेला, तरी सोडेनात. काढलं. गुंडी आपटली. एकदा, पुन्हा, पुन्हा. ठण ठण ठण. थेंब नाही.
मी ओरडले, परात! परात! ऐकलंच नाही त्यांनी. त्या यंत्राकडंच बघत होत्या. मीच परात घातली, मुलींनी सतरंजी टाकून त्यांना गुंडाळलं.
आग विझली. परातीनंच.
दोन्ही हात कोपरापर्यंत, आणि गळा. रिक्षातून दवाखान्यात नेलं. वाटेत एकच, "पुऱ्या ऱ्हायल्या वो."
आता सुचतंय, यंत्र भरलेलं असतं तर तेल अंगभर उडालं असतं. म्हणजे रिकामं होतं म्हणून वाचल्या? की ते तिथं होतं म्हणून भाजल्या? विचार करून डोकं फिरतं.

३० जाने.
दवाखाना. हातांना पट्ट्या. ताप. मला जवळ बोलावलं, हळूच विचारलं,
"बाई, माझा ठोका कमी पडला का वो? सायबानं नारळानं ठोकलं तर केवढं पाणी आलं हुतं."
तोंडात पदर धरून बाहेर आले.

३ फेब्रुवारी
अ.सा. येऊन भिंत बघून गेले. सगळी काळी, वडिलांचं नाव मात्र वाचता येतं. म्हणाले, यंत्र चांगलं होतं, बाईला चालवता आलं नाही. अडाणी बाई स्वयंपाकाला ठेवायचीच कशाला? बैठक आठ तारखेला. तोवर दुसरी बाई बघून ठेवा. मागची खोलीही त्या नव्या बाईला द्या.
"तुमी तिथंच होता. तुमी सांगा बैठकीत, कसं झालं ते." म्हणजे कसं सांगायचं, ते सेक्रेटरींनी जिन्यात समजावलं. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, त्याचीही आठवण दिली. गोड आवाजात.

७ फेब्रु.
नवीन यंत्र आलं. तसंच, लाल. पेंटर भिंतीला चुना देऊन तेच नाव पुन्हा काढायलाय. तोच खिळा. म्हटलं, दाराजवळ... त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.
संध्याकाळी दवाखान्यात. आज सांगून टाकलं. म्हटलं, ठोका कमी नव्हता. यंत्र रिकामं होतं. नारळ आपटला त्या दिवशीच रिकामं झालं.
पट्ट्या बांधलेल्या हातांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मंग माझं चुकलं न्हाई?"
म्हटलं, नाही.
"मंग उद्या त्यांला सांगा की तसं." जसं काही मीठ जास्त झालंय एवढं सांगायचं. आणि डोळे मिटून घेतले. एवढ्या दिवसांत त्या अशा निजलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.
सांगते म्हटलंय. म्हटलंय खरं.
सेक्रेटरींचा निरोप: बैठकीनंतर लगेच पूजा, नारळ आणून ठेवा. ठेवलाय. आडाजवळून एक चांगला दगडही आणून दाराशी ठेवलाय. तेवढं माझ्या हातात होतं. बाकीचं उद्या तोंड उघडलं तर.