विलासच्या पगारावरचा लाल गोल

सोम. ३ मार्च
गुडगाववाल्याला ऑफर आज पाठवली. पश्चिम विभागाचा प्रमुख म्हणून. अनुभव नऊ वर्षं, कंपन्या तीन. आमच्या विलासचा अनुभव बावीस वर्षं, कंपनी एकच, आणि गेले आठ महिने ती खुर्ची तोच सांभाळतोय, ‘तात्पुरता’. गुडगाववाल्याचा आकडा विलासच्या जवळजवळ दुप्पट. बसवला कोणी? मीच. पगार ठरवण्याचीच नोकरी माझी.
आमच्या खात्याच्या मॅडम म्हणाल्या, दिल्लीकडचा माणूस याच्या खाली हलत नाही. आणि आमचा माणूस हलतच नाही, म्हणून त्याचा भाव वाढत नाही. मागायची लाज. काम दिसतंय ना त्यांना, म्हणायचं आणि बसायचं. बसा.

गुरु. ६ मार्च
विलासला नागपूर. तिकडचं ऑफिस त्याच्याकडे. पगार एक रुपयाही कमी होणार नाही, असं मॅडमनी त्याला सांगितलं. गडी खूश. कँटीनमध्ये पाठीत धपाटा घातला माझ्या. “मुंबईचा पगार, नागपूरचा खर्च. राजा होतो रे मी.” वडीलही तिकडेच, एकटे.
कमी होणार नाही, खरंय. पण वाढणारही नाही. नागपूरच्या मॅनेजरला आम्ही जास्तीत जास्त जे देतो, त्याच्या बराच वर आहे हा आजच. अशा पगारावर आम्ही लाल गोल करतो. त्या शहराची मर्यादा वर चढेपर्यंत वाढ बंद. विलासच्या वयाला, म्हणजे रिटायर होईपर्यंत. आणि गोल पडलाय हे त्या माणसाला सांगायचं नाही, ही आमच्या खात्याची रीत. दोन-तीन एप्रिल कोरडे गेले की कळतं ज्याचं त्याला.
मी गप्प चहा प्यायलो. थू माझ्यावर.

मंगळ. ११ मार्च
हिंमत करून मॅडमना म्हटलं, विलासला आधी सांगून टाकू या. त्यांनी लॅपटॉपवरून मानही वर केली नाही. म्हणाल्या, एकाला सांगितलं की सगळे येतील विचारायला. मग गोड आवाजात, “तुमची स्वतःची किती वर्षं राहिलीत?”
कळलं. माझाही अनुभव आता जमेत नाही, खर्चात धरतात.

शुक्र. १४ मार्च
शिमग्याला गावी जायचं राहिलं. पहिल्यांदाच. सुट्टी मिळत होती, मनच नव्हतं. आई ताटाकडे बघत म्हणाली, “गावाक जावक नाय ता नाय, निदान जेव तरी नीट.”
स्मिताला सगळं सांगितलं. तिचं म्हणणं, तू नियम केलास का? नाही. मग? आपली मुलगी इंजिनिअरिंगला आहे, नसती उठाठेव करू नकोस. चुकीचं काय बोलली? काहीच नाही. तरी तिचाही राग आला.

रवि. १६ मार्च
विलासकडे जेवायला. मुलुंडमध्येच घर, आमच्यापासून दहा मिनिटांवर. शोकेसमध्ये बुद्धाची मूर्ती तेवढी उरलीय, बाकी सगळं खोक्यांत. वंदनावहिनींनी नागपुरी सावजी मटण केलं होतं, म्हणे आता तिकडे रोजच. आणि मग विलास सहज बोलून गेला, घर विकतोय. गुरुवारी टोकन घेणार.
 एकदा मुंबईतली जागा गेली की परत घेणं? या पगारात? विसरा. भाड्याने दे की, म्हटलं. तर हसला. “दरवर्षी वाढ होईलच ना रे. तिकडे मोठं घेतो.”
आता सांगायलाच हवं. नोकरी गेली तर गेली. (असं लिहायला सोपं आहे.)

बुध. १९ मार्च
सांगितलं.
ऑफिस सुटल्यावर त्याला कॉलनीतल्या बागेत घेऊन गेलो. सगळं सांगितलं, गोल, मर्यादा, गुडगाववाल्याचा आकडासुद्धा. आकडा सांगायला नको होता. तोंड सुटलं की थांबत नाही माझं.
 त्याने शांतपणे विचारलं, नागपूरला नाही म्हटलं तर इथे मला काय? मी खरं ते सांगितलं. इथे काही नाही. खुर्ची गेली. तीन महिन्यांचा पगार आणि नारळ. बाहेर जायचं म्हटलं तर बाहेरचे आधी जुनी स्लिप मागणार, त्यावर थोडं चढवून देणार. पन्नाशीच्या माणसाला तेही कोण देतंय.
“म्हणजे जायचं तर आहेच.”
“हो.”
“मग सांगितलंस कशाला? खुशीत गेलो असतो ना मी.”
मी म्हटलं, घर तरी विकू नकोस. तो उठला. इतकंच म्हणाला, “तुला हे गोलाचं कधीपासून माहीत होतं?” उत्तर द्यायच्या आत चालायला लागला.

गुरु. २० मार्च
विलास रजेवर. टोकन घेतलं की नाही, माहीत नाही. स्मिताला म्हटलं वहिनींना फोन कर. नाही म्हणाली, आता पुरे.
दुपारी मॅडम टेबलापाशी आल्या. विलासने नागपूरची सही अजून केली नाही, त्याच्या कानावर काही गेलं का? मी म्हटलं, मला काय माहीत. पटकन म्हटलं, विचारही करावा लागला नाही.

शुक्र. २१ मार्च
आजही आला नाही. सहीची मुदत सोमवार.
संध्याकाळी त्याचाच फोन. घराचं विचारलं तर विषयच बदलला. शिव्या घालेल वाटलं होतं, घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आवाज अगदी ऑफिसचा.
“सही करेन नाहीतर करणार नाही. ते तुला मी सांगणार नाही आता. सिस्टिममध्ये दिसेलच तुला.”
मी हं म्हटलं. फोन त्यानेच ठेवला.