'शेवटची बस' कोणाची

मी, डेस्मंड ॲक्रॉइड, वय बाहत्तर, राहणार हॅलिफॅक्स, 'द वेट मिटन्स' या बँडचा गायक व गिटारवाला, स्वतःच्याच घोळातून बाहेर पडावे म्हणून राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टरांच्या मते माझी बुद्धी शाबूत आहे. मला तितकीशी खात्री नाही.

१. राहते घर भाची जोॲन हिला द्यावे. स्वयंपाकघरातल्या टेबलावरचे खळीचे डाग तिने घासून काढू नयेत. कुठलीच कंपनी आम्हाला दारात उभे करीना, तेव्हा पहिल्या रेकॉर्डची पाचशे लेबले आम्ही त्या टेबलावर घरीच चिकटवली.

२. थोरला ॲम्प्लिफायर ड्रमवाला कीथ बॅरक्लफ याला द्यावा. तेवीस वर्षे तो व्हॅनमध्ये चढवताना त्याने मला शिव्या घातल्या. आता जिन्यावरून एकट्याने उतरवावा.

३. गाणे. इथे माझे डोके चालत नाही. १९८१च्या त्या रेकॉर्डवर एका बाजूला माझे 'शेवटची बस' होते, दुसऱ्या बाजूला आमच्या बास गिटार वाजवणाऱ्या हेझल सटक्लिफचे 'कालव्याकाठी'. गायलो दोन्ही मीच. लेबलेही मीच लावली, आणि ती उलट बाजूंना लागली. रेडिओवाल्याने माझ्या नावाची बाजू लावली, वाजले हेझलचे गाणे. आठवड्यात लोक दुकानांत 'शेवटची बस' मागू लागले. त्या गाण्यात बस औषधालाही नाही.

मी चूक सांगणारच होतो. आधी दौरा आला, मग दुसरी छपाई, मग मुलाखती. "बस म्हणजे आयुष्य का हो?" असे कोणी विचारले की मी म्हणायचो, "हो, तसंच काहीसं." हेझल शेजारीच बसलेली असे. "चिकटलं ते चिकटलं," एवढेच ती एकदा बोलली, आणि १९८९ साली बँड सोडून वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट झाली. ती रागावली होती की कंटाळली होती, मला आजवर कळलेले नाही. लेबले चुकून लागली. गप्प मात्र मी चुकून बसलो नाही, आणि त्याची मला लाज वाटते. सबब, त्या गाण्याचे सर्व हक्क हेझलला द्यावेत.

सहीपूर्वीची दुरुस्ती: साक्षीला मी हेझललाच बोलावले होते. बँडच्या कागदांवर पहिली सही तिचीच असायची. तिने सगळे वाचले आणि ती म्हणाली, "डेस, अरे गाढवा, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसतं!"

"मग तू नको सही करूस. दुसरं कोणीतरी बघतो."

"पेन दे इकडे."

"हेझल, गाणं हातचं जाईल तुझ्या."

"कुठे जाईल? माझंच आहे ते. माझंच मला काय देतोस? ते कलम खोड आणि खरं काय ते लिही."

म्हणून कलम ३मधील बक्षीस रद्द. 'शेवटची बस' म्हणून गाजलेले गाणे हेझलचे आहे, पहिल्यापासून होते. ते माझ्या मालमत्तेत धरू नये.

मला माफ केलेस का, असे मी विचारले. "आधी सही कर," म्हणाली. करतो.

डेस्मंड ॲक्रॉइड
हॅलिफॅक्स, १२ मार्च २०१९

आम्हा दोघींच्या देखत सही केली:

मॅव्हिस ग्रीनवुड, शेजारीण. व्यवसाय: निवृत्त परिचारिका.

हेझल सटक्लिफ. व्यवसाय: ~~टायपिस्ट~~ गीतकार.